बाणाच्या टोकावरची माती

प्रिय हाइडी,

तू फोनवर विचारत होतीस, आवाज असा का येतोय, सर्दी झालीय का? सर्दीबिर्दी काही नाही गं. फोन भिंतीला आणि तुझे बाबा फोनच्या शेजारच्या खुर्चीत, मग बोलणार काय, कपाळ? म्हणून आज लिहायला बसलेय. ते दुपारीच जंगलात गेलेत, ती चार जाड चाकांची एटीव्ही घेऊन. पहिलं गोठलेलं दहिवर पडलं, म्हणून फुलांच्या कुंड्या मी आत पडवीत आणून ठेवल्यात. सॉनासाठी, वाफेच्या अंघोळीला, लाकडं फोडून झाली. तुला पाठवायला वेलची घालून पाव केला होता, तो मेल्विनने येऊन अर्धा संपवला. शेजारी म्हणायचं आणि सहन करायचं.

मेल्विनचं बाबांवरचं ते जुनं बोलणं आठवतं ना तुला? "हा टाउनो हरणांपेक्षा माती जास्त मारतो!" सगळं गाव हसायचं, पण बाबांनी आपला नेम कधी मोडला नाही. क्रॉसबो पडला बंदुकीसारखा घोडा ओढून चालवायचं धनुष्य, एकदा ताणला की दोरी हाताने सैल होत नाही, बाण सोडावाच लागतो. आणि चांगला पात्यांचा बाण मातीत घालून खराब कोण करणार? म्हणून बाकीचे शहाणे ताणलेला क्रॉसबो तसाच गाडीला बांधून खड्ड्याखड्ड्यातून घरी येतात. बाबा मात्र मचाणावरून उतरले की पात्यांचा बाण काढून भात्यात ठेवणार, बोथट बाण लावणार, तो पायाशी मातीत सोडणार, आणि मगच एटीव्हीची किल्ली फिरवणार. टाउनशिपच्या हॉलमध्ये पोरांना शिकार शिकवायचे तेव्हा टेबलावर मूठ आपटून सांगायचे, "आधी दोरी सैल, मग चाक!" तू घरभर तेच ओरडत फिरायचीस, मांजराला सुद्धा.

घरी आले की तो बोथट बाण ते ओट्यावरच्या खिडकीत ठेवतात. टोकाला आपल्या जंगलातली तांबडी माती. मी कुरकुरत ती पुसते. एवढी वर्षं पुसतेय, पण खरं सांगू का, ती माती दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. माणूस धडधाकट आला, डोकं ठिकाणावर ठेवून आला.

गेल्या आठवड्यात बाण खिडकीत आला तो स्वच्छ. मी म्हटलं, असेल, गवतात पुसला असेल. पण मनाला काही स्वस्थता नाही. ते जेवायला बसले तशी मी कोंबड्यांचं निमित्त काढून शेडमध्ये गेले. हाइडी, क्रॉसबो एटीव्हीच्या मागच्या रॅकवर बांधलेला, दोरी ताणलेली, आणि पात्यांचा बाण जागच्या जागी. ओढ्याचे दगड, ती मोडकी फळी, सगळ्यावरून तसाच आलेला. एखादी फांदी घोड्यात अडकली असती तर? बाणाचं टोक कुठे होतं सांगू? सीटच्या मागच्या अर्ध्या भागाकडे. तू बसतेस तिथे. मी तिथेच बादली उपडी घालून बसले, आणि मग बाबांनीच शिकवल्याप्रमाणे बाण काढला, जुना बोथट लावला, पेंढ्याच्या गठ्ठ्यात सोडला. गठ्ठा तरी लागला हे नशीब.

आत येऊन मी सरळ विचारलं. ते हसले. म्हणाले, "अगं म्हातारे, वाटेत एखादं हरीण दिसेल म्हणून ठेवला तसा. तू आता मला शिकवणार होय?" आणि खिमा भरलेल्या पेस्टीचा तुकडा तोंडात टाकला. हरणांची बढाई मारताना कसे हसतात तसं नव्हतं ते हसू. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तेव्हापासून ते निघाले की माझं कशात लक्ष लागत नाही. अगदी ओढ्यापलीकडे इंजिनाचा आवाज आला तरी धीर येत नाही, उलट जास्तच भीती वाटते, कारण आता दगड लागतील, आता फळी लागेल. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतात, "मला काय धाड भरलीय?"

हे लिहितालिहिता ते आले बघ. इंजिन बंद झालं, मग बराच वेळ आत आलेच नाहीत. शेडच्या मागून पेंढ्यात बाण घुसल्याचा आवाज आला, मग पडवीचं दार वाजलं. आत आले, बाण खिडकीत ठेवला आणि हात धुवायला गेले. टोकाला माती होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. पुसायला फडकं घेतलं, आणि बघते तर माती काळी. आपल्या जंगलात काळी माती आहे कुठे? ती दुकानातली, माझ्या कुंड्यांतली. पडवीत जाऊन पाहिलं. लाल फुलांच्या कुंडीत, अगदी कडेला, बाणाएवढं भोक.

म्हणजे आजही ते ताणलेल्या क्रॉसबोसकट घरी आले, दारात आल्यावर लक्षात आलं, आणि मग माझ्यापासून लपवायला त्यांनी टोक कुंडीत खुपसलं. पोरी, त्यांना कळतंय गं. आपण विसरतोय हे त्यांना कळतंय, आणि ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत. मी माती पुसली, बाण जागेवर ठेवला आणि परत लिहायला बसले. तू सणाला येणार होतीस, तेवढं थांबू नकोस, या शनिवारीच ये. मी लिहिलंय हे सांगू नकोस. पहाटे त्यांच्या आधी शेडमध्ये जा, एटीव्हीवर पुढच्या जागी बस आणि म्हण, "बाबा, यंदा मी चालवणार." आणि परत निघताना किल्ली हातात धरून, लहानपणी ओरडायचीस तसं ओरड, आधी दोरी सैल. माझ्यावर ते चिडतील. तुझं ऐकतील. त्यांच्या मागे मात्र बसू नकोस, बाळा, तुला माझी शपथ आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई