बांधावरची झाडी

मी, निर्यातीच्या भाजीपाल्याचा सेवानिवृत्त तपासनीस, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. गच्चीची गळती त्याने स्वतः निस्तरावी. मी तीन गवंडी करून थकलो.

दोन. नियमांची सात पुस्तके रद्दीत घालावीत. जावईबापूंनी मागितली तरी देऊ नयेत. ते माल बाहेर पाठवतात, त्यांना नियम तोंडपाठ आहेत.

तीन. ओढ्याकाठची दीड एकर जमीन धाकट्या बहिणीला. मुलाला हे रुचणार नाही, म्हणून कारण लिहितो. बाहेरच्या खरेदीदारांचा नियम आला, की भाजीच्या शेतापासून तीस फुटांत झाडी नको. पाखरे बसतात, पानांवर घाण पडते. मी गावातले सगळे बांध साफ करवले. बहिणीने ऐकले नाही. सख्खा भाऊ असून तिचा माल मी नापास केला, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कोयता चालवला. मी फेरतपासणीला गेलो तेव्हा ओट्यावर अंड्यांसकट दोन घरटी ठेवलेली होती. ती पाहूनच मी मंजुरीचा शिक्का मारला.

पाखरे गेली, तशा अळ्या माजल्या. फवारण्या दुप्पट झाल्या. तिसऱ्या वर्षी पानांत औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि अख्ख्या गावाचा माल नापास झाला. त्या कागदावरही सही माझीच. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते.

माझी दीड एकर मात्र कोणी कसत नाही. तिच्या बांधावर झाडी आपोआप वाढली आहे.

चार. ही जमीन मी बिनशर्त देणार होतो. लोकांना अटी घालण्यातच नोकरी सरली. काल मसुदा बहिणीला वाचून दाखवला. चष्मा पुसत ती म्हणाली, "दादा, अट घाल. मी आहे तोवर ठीक, माझ्यामागे पोरं एका दिवसात तोडतील."

त्या शिक्क्यानंतरच्या अकरा वर्षांत ती माझ्याशी एवढे सलग बोलली नव्हती.

सबब, त्या बांधावरचे काहीही तोडू नये. कोणी तपासनीस सांगत आला, तरी नाही.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नव्हते. बहिणीच्या सांगण्यावरून एक अट वाढवली, एवढेच.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
मंगळवार, ९ जानेवारी २०२४
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) दाखला देणारे डॉक्टर