पिवळी वाटी

ईडन प्रेरी, रविवार, १९ जानेवारी १९८६

आज मराठी मंडळाच्या तिळगुळाला मुलांना एका मास्तरीणबाईंची गोष्ट सांगितली. इथल्याच, अमेरिकेतल्या, शंभरावर वर्षांपूर्वीच्या. तुरुंगातुरुंगांतून हिंडल्या, साखळीला बांधलेले मनोरुग्ण थंडीत कुडकुडताना पाहिले. या माणसांना लपवू नका, इस्पितळं बांधा, म्हणून सरकारच्या मागे लागल्या. टाळ्या पडल्या. शाळेत कविता पाठ म्हटल्यावर फुलायचो, तसा फुललो. या वयात!

मग मंडळातल्या नलूनं हळदीकुंकवाचं वाण हातात ठेवलं, पिवळी वाटी. "आप्पा, हे आईंचं. पुण्याहून आल्या की द्या हं."

"थँक्स, नलू," माझ्याआधी आमचा मुलगा सुहासच म्हणाला. पुण्याची थाप त्याचीच. त्याची आई, म्हणजे आमची ही, दोन वर्षं इथंच आहे, मनोरुग्णांच्या इस्पितळात.

गाडीत सूनबाईंच्या मांडीवरची वाटी दिसली. स्टीलची. सगळ्याजणींना स्टीलच्याच होत्या. आमची पिवळी तेवढी प्लास्टिकची.

"सुहास, हिलाच प्लास्टिकची का रे?"

"आप्पा, प्लीज. लेट इट गो."

हिच्या वॉर्डात धातूचं भांडं नेऊ देत नाहीत. म्हणजे नलूला ठाऊक आहे. म्हणजे सगळ्यांनाच? आणि तरी पुण्याच्या हवेची चौकशी करतात! मघाशी टाळ्याही वाजवल्या. भेटायला एकदाही कुणी फिरकलं नाही.

उद्या जाईन. शाळेतल्या कवितेची पहिली ओळ मी म्हटली की दुसरी ती म्हणते, एरवी गप्पच असते. पण पिवळी वाटी पाहून विचारलंच, कुणी दिली, तर सांगेन, पुण्याहून आली.