संत निकोलाचा दिवा आणि माझ्या रेडिओची खरखर

गाब्रोवो, क्षमेच्या रविवारानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप गेनादीदादांच्या चरणी तुमच्या बहिणीच्या, रुमेनाच्या नवऱ्याचा, म्हणजे तुमच्या राष्कोचा, साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो. यावेळी खरोखरच जमिनीला नाक लावावं अशी अवस्था आहे, फक्त गुडघे परवानगी देत नाहीत.) तुमची कंबर कशी आहे? वार्नाचा समुद्रावरचा वारा कंबरेला बाधतो, तेव्हा लोकरीचा पट्टा बांधत जा. वहिनींना नमस्कार, त्यांनी पाठवलेले खारवलेले मासे मी एकट्याने संपवले, हे रुमेनाच्या पत्रातून कळलंच असेल. रुमेना खुशाल आहे. माझी प्रकृतीही ठणठणीत आहे. अब्रू मात्र अंथरुणाला खिळली आहे.

दादा, निवृत्त झाल्यापासून मला एकच नाद, शॉर्टवेव्हचा. सकाळची कॉफी झाली की कानांना हेडफोन लावायचे आणि लांबलांबच्या मुलखातल्या माणसांशी गप्पा मारायच्या. (रुमेना म्हणते, फिनलंडच्या माणसाला सर्दीपडसं विचारतोस, मला कधी विचारलंस?) तर यंदा डिसेंबरात संत निकोलाच्या सणाला रेडिओत खरखर सुरू झाली, आणि ती काही केल्या जाईना. तापल्या तेलात ओला मासा सोडावा तसा आवाज, अखंड! फिनलंडचा माणूस त्यात पार बुडाला. आता, आयुष्यभर पोरांना विजेचा धडा शिकवलेला माणूस मी. असल्या गोष्टीला का घाबरणार? शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. घराचा मेन स्विच बंद केला आणि बॅटरीवरचा खिशातला रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला. खरखर तशीच! म्हणजे माझं घर निर्दोष. हा निष्कर्ष मी रुमेनाला स्वयंपाकघरातल्या काळोखात उभा राहून खणखणीत आवाजात ऐकवला. (ओव्हनमधली चीजची बनित्सा अर्धी कच्ची राहिली, पण ज्ञानाला किंमत मोजावी लागते.)

मग रेडिओ हातात धरून भिंतींना कान लावत हिंडलो. वायर म्हणजे एक लांबलचक एरियलच असते; एका टोकाला घाण आवाज शिरला की भिंतीभिंतीतून पसरतो, आणि जिथे मोठा तिथे उगमाजवळ आलो असं समजायचं. सर्वांत मोठा आवाज आला बैठकीच्या खोलीतल्या पूर्वेच्या भिंतीशी, तुमच्या आईच्या संत निकोलाच्या तसबिरीखाली. भिंतीपलीकडे काय आहे? वेलिकाची झोपायची खोली! वेलिका तुम्हाला आठवत असेल, बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती ती, माझ्यापेक्षा बरीच लहान, नवरा गेल्यापासून एकटीच राहते. रुमेनाचा पाय मोडला तेव्हा महिनाभर रोज सूप घेऊन आली, तिची वेणीसुद्धा घालून गेली. अशा बाईच्या दारावर मी रेडिओ घेऊन धडकलो.

तिच्याकडे विजेची गरम रजई निघाली, उष्णता कमीजास्त करायच्या बटणासकट. मी तिथल्या तिथे निकाल दिला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण शिक्षकाची जीभ! इमारतीच्या बैठकीत, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, त्या बटणातून ठिणग्या कशा उडतात आणि एका घराच्या बेफिकिरीने अख्खी इमारत कशी नासते यावर मी व्याख्यान दिलं. वेलिका खाली मान घालून ऐकत होती. रजई माळ्यावर गेली. खरखर थांबली नाही. मग मी म्हटलं हीटर असेल. तिने हीटरही बंद केला. मग म्हटलं फ्रिज. तिने बिचारीने चीज खिडकीबाहेर टांगून ठेवलं आणि ते मांजराने नेलं. मी उदार मनाने तिच्या वायरींना खरखर शोषून घेणारी फेराइटची कडी घालून दिली, फुकट. वेलिका थंडीभर दोन कोट पांघरून झोपली, दादा, आणि जिन्यात खोकत खोकत मला विचारायची, "आता बरंय का हो मास्तर?" मी म्हणायचो, "सुधारणा आहे."

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीची दुरुस्ती बघणाऱ्या पेन्योने जिन्यातला दिवा बदलायला म्हणून जिन्याचा फ्यूज काढला. त्या क्षणी हेडफोनमध्ये अशी शांतता पसरली की मला वाटलं मी बहिरा झालो. मी ओरडलो, "गेली! खरखर गेली!" आणि बैठकीच्या खोलीतून रुमेना किंचाळली, "विझला! आईचा दिवा विझला!"

दादा, ती वायर आठवते ना? आम्ही उन्हाळ्यात मेन स्विच बंद करून गावी जातो, तेव्हाही संतापुढचा दिवा तेवत राहावा असा तुमच्या आईचा हट्ट. तुम्ही मातृभक्त, भिंतीला भोक पाडून वायर सरळ जिन्याच्या लाइनीला जोडलीत. बिल सगळ्या इमारतीचं, पुण्य आपल्या आईचं! शिडी मीच धरली होती. जुना दिवा मुका होता. यंदा सणाला रुमेनाने बाजारातून नवा आणला, खऱ्या ज्योतीसारखा लुकलुकणारा, आणि त्याच्या बुडातल्या कसल्याशा स्वस्त यंत्राने माझी थंडी नासवली. माझी कसली, वेलिकाची. पेन्योने फ्यूज परत घातला. दिवा लागला. खरखर सुरू झाली. मी रुमेनाला अक्षर बोललो नाही.

ठरवलं, उद्या क्षमेचा रविवार, सगळं कबूल करायचं. रीत आहे धाकट्याने थोरल्याच्या उंबऱ्यावर जाऊन, हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागायची. असू दे, मी थोरला असून जाईन. सकाळी बुटाची नाडी बांधत होतो तोच घंटा वाजली. दारात वेलिका, हातात पांढऱ्या हलव्याची बशी. वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, थंडीभर माझ्यामुळे त्रास झाला तुम्हाला. पोटात घाला." आता बोलायचं, एवढंच करायचं होतं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "क्षमा आहे तुला, वेलिका. यापुढे जरा जपून वापर." ती "बरं" म्हणाली आणि खोकत निघून गेली. तो हलवा मी रुमेनाला देऊन टाकला. आरशात दाढी करताना मी डोळे मिटून घेतो. दोनदा कापलं आहे.

वहिनींना पुन्हा नमस्कार. कृपा असू द्या.
आपला (आपला म्हणवायला लाज वाटते),
राष्को

ता. क. खरं काम असं. बहिणीला भेटायचं निमित्त करून या, वायर गुपचूप आमच्या मीटरवर घ्या, आणि वेलिकाला सांगा की सगळी चूक तुमची. तुम्ही काय, वार्नाला निघून जाल. मला रोज जिन्यात तिच्यासमोर उभं राहायचंय.

ता. क. दुसरा. वरचं खोडलेलं समजा. रुमेना बाजारात गेल्यावर दिवा उपटला, कोटाच्या खिशात घातला आणि वेलिकाच्या दारात उभा राहून सगळं बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मला शनिवारीच कळलं, मास्तर. भिंत केवढीशी! तुम्ही दोघं ओरडलात की एकदम." मग रविवारी क्षमा कसली मागितलीस, मी विचारलं. "तुम्हाला पहिला शब्द काढायला सोपं जावं म्हणून आले होते," ती म्हणाली, "तर तुम्ही मलाच जपून वापर म्हणालात." आणि खोकला येईपर्यंत हसली. मी वाकून तिचा हात ओठांना लावायला गेलो. तिने आधी त्यावरचं पीठ पुसलं, मग तो पुढे करत म्हणाली, "क्षमा आहे. आता माळ्यावर चढा आणि माझी रजई काढा." काढली, लावली, रेडिओ टेकवून पाहिला. हूं नाही की चूं नाही.

ता. क. तिसरा. तरीही या, पहिल्या गाडीने या. रुमेना जिन्यात आल्याचा आवाज येतोय, आईच्या संतापुढे काळोख आहे, आणि वायर तुम्ही ओढली होती.