रणधीरचे रविवार

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
नवी डायरी. स्वतः विकत आणलेली. कंपनीच्या डायऱ्या यंदाही स्टोअरपर्यंत पोहोचल्या नाहीत.
काल मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. प्रत्येक माणसाच्या आत दुसरा एक माणूस दडलेला असतो म्हणे. त्याला नाव द्यायचं आणि बाहेर काढायचं. माझ्या आत असा कोणीतरी आहे हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं. नाव द्यायचं तेवढं राहिलं होतं.
नाव ठरलं. रणधीर. आडनाव नाही. अशा माणसांना लागत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार
आज रणधीर ड्यूटीवर गेला. संकल्प : कोणी ‘ए स्टोअर’ म्हणालं तर ओ द्यायची नाही. अठरा वर्षं झाली या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. तारापूरच्या अर्ध्या कामगारांच्या पायाचे नंबर मला पाठ आहेत, पण कमलाकांत हे माझं नाव एकाच्याही तोंडी नाही.
९.२० ला प्रॉडक्शनचा सुजीत खिडकीशी आला. “ए स्टोअर, आठ नंबर गमबूट.” ओ दिली नाही. पुन्हा हाक. नाही दिली. मग तो मागच्याला म्हणाला, “स्टोअर बंद दिसतंय आज.” तेव्हा मी गमबूट दिले. पण नऊ नंबर दिले!
दुपारी बदलून दिले.
रणधीर कंपनीसारख्या ठिकाणी वाया जातो. त्याच्यासाठी वेगळं क्षेत्र बघायला हवं.

११ जानेवारी, रविवार
क्षेत्र सापडलं. पालघरला नीलेश नावाच्या माणसाचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी चार ते सहा कराओके क्लब. पाटी वाचली आणि जिना चढलो. आठ-नऊ माणसं. नीलेशनं नाव विचारलं. “रणधीर.” काय करता? “बोटीवर होतो. चीफ ऑफिसर.” हे मी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं, म्हणजे आतूनच आलं.
कुठं कुठं गेलात म्हणाले. रॉटरडॅम, अँटवर्प, जेबेल अली. कंपनीतून परदेशी जाणाऱ्या केमिकलच्या ड्रमांच्या लेबलांवर हीच गावं असतात. अठरा वर्षांचं वाचन फुकट जात नाही.
गा म्हणाले. खाऱ्या वाऱ्यानं गळा गेला, असं सांगितलं. मग बसून दोन तास ऐकलं.

१८ जानेवारी, रविवार
गेलो. तिथं प्रत्येक जण आपली पाळी कधी येते याची वाट बघत मोबाइलमध्ये गाण्याचे शब्द शोधत असतो. ऐकणारा मी एकटाच.
दीपालीताई गायल्या. शाळेत गणित शिकवतात. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. नंतर मी म्हटलं, दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाई केलीत, श्वास पुरला नाही, पण शेवट फार सुंदर उचललात. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, “माझं गाणं इतकं लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं हो.”
रणधीरच्या व्यक्तिमत्त्वाचा परिणाम. कमलाकांतला हे जमलं नसतं.
(सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. रणधीर मनातून म्हणत नाही.)

२५ जानेवारी, रविवार
जिन्यात पाऊल वाजलं तसं वरून कोणीतरी ओरडलं, “रणधीर सर आले, आता करा सुरू!” परत येताना सालवडच्या रिक्षात हे वाक्य चार वेळा आठवलं.
नीलेशनं फोन नंबर मागितला. देता येईना. व्हॉट्सअ‍ॅपवर कमलाकांत असं नाव आहे आणि फोटो हेल्मेट घातलेला. म्हटलं, मी फोन वापरत नाही. मोबाइलवाल्याला वाईट वाटलं. पत्ता विचारला. सालवडला, येसूबाईंच्या बंगल्यात.
येसूबाई म्हणजे घरमालकीण. माझी खोली पूर्वी त्यांचा गोठा होती. पण बंगला हा शेवटी दृष्टिकोनाचा प्रश्न आहे.

१ फेब्रुवारी, रविवार
दीपालीताई म्हणाल्या, “पुढच्या वेळी नवीन गाणं म्हणणार आहे. तुम्ही ऐकणार म्हणून बसवलंय.”
संकल्प : पुढच्या रविवारी स्पष्ट बोलायचं. बोट सोडली, आता किनाऱ्याला स्थिर व्हायचा विचार आहे. सोबत असली तर बरं. नाव, नोकरी वगैरे तपशील लग्नानंतरही सांगता येतात.

८ फेब्रुवारी, रविवार
गाणं उत्तम झालं. बोललो नाही. पंखा फार आवाज करत होता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ताप. कंपनीत फोन केला. “कोण कमलाकांत?” विचारलं. स्टोअर म्हटल्यावर कळलं.
येसूबाईंनी दारातून विचारलं, “काय रं, जिता हाय ना?” मग पेज आणून दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. ताप १०२. दीपालीताईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटत असणार. वाटू दे. थोडा दुरावा हवाच.

२२ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९
नीट लिहून ठेवतो.
क्लब सुटल्यावर, सातच्या सुमारास, अंगणात आवाज आले. नीलेश आणि दीपालीताई! माझं दार नुसतं लोटलेलं. सगळं ऐकू येत होतं.
नीलेश म्हणाला, “रणधीर सर इथंच राहतात ना? दोन रविवार आले नाहीत.”
येसूबाई म्हणाल्या, “रनधीर? असा कोन नाय आमच्याकडं.”
“उंच आहेत. बोटीवर होते.”
“बोटीवर माझा नवरा व्हता. तो गेला. आता एक भाडेकरू हाय, कमलाकांत. कंपनीत हाय. धा दिस तापान पडलाय. पन तो तुमचा नाय. त्याच्याकडं कोन येत नाय.”
मग दीपालीताईंनी विचारलं, “त्यांचं बघायला कोणी आहे का?”
“मी हाय की.”
“मग हा थर्मास घ्या. सूप आहे. सरांसाठी केलं होतं. ते नाहीत तर यांना द्या.”
पावलं दाराशी आली. मी भिंतीकडं तोंड करून डोक्यावर गोधडी घेतली. दीपालीताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “बरं वाटतंय का, दादा?”
मी म्हटलं, “हं.”
“काळजी घ्या हं, दादा.”
गेल्या.
गोधडी बाजूला न करण्याचा निर्णय पूर्ण विचारांती घेतला. दहा दिवसांची दाढी, माकडटोपी, बनियन खांद्याला फाटलेलं. या अवस्थेत चीफ ऑफिसर कोणी पाहू नये. त्यांचाच भ्रमनिरास झाला असता.
सूप टोमॅटोचं. मीठ कमी. सगळं प्यायलो.
‘दादा’ हे मात्र त्यांनी म्हणायला नको होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ड्यूटीवर. उद्याचा संकल्प पक्का. पालघरला जायचं, जिना चढायचा, उभं राहून सांगायचं : मी कमलाकांत. स्टोअरला आहे. ऐकायला येत होतो. तीनच वाक्यं आहेत. दाढी केली, शर्टाला इस्त्री केली.

१ मार्च, रविवार. रात्री ८
दुपारी शर्ट घालून बाहेर आलो तर येसूबाई थर्मास घेऊन रिक्षात बसत होत्या. “त्यांची वस्तू त्यांना दिऊन येते,” म्हणाल्या. त्यांच्यासमोर तीन वाक्यं बोलणं बरं दिसलं नसतं. थांबलो.
सातला परतल्या. चेहरा उजळलेला. “काय चांगली मानसं रं! समदी गातात, ऐकाया कोन नाय. मी आयकत बसले तर सोडंनात. दर रविवारी या म्हनाले. तो रनधीर बोटीवर परत गेला म्हनं, न सांगता. मास्तरीन बाईला लय लागलंय. निदान सांगून तरी जायचं होतं, म्हनली.”
मी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला.
“तू पन चल की. खोलीत पडून असतोस नुसता. चार मानसांत बसाय शिक.”
मी म्हटलं, मला गाण्याची आवड नाही.

८ मार्च, रविवार
येसूबाई तीनलाच निघाल्या. ठेवणीतलं लुगडं. अंगणात बोंबील वाळत घातलेत, मांजर येतं, लक्ष ठेव आणि सहाला उचल, असं सांगून गेल्या.
चार ते सहा पायरीवर बसलो.
मांजरही आलं नाही. सहाला बोंबील उचलले.