विमानं वळवायची सुपारी

नालोंगो अक्का,

सगळ्यांत आधी आला तो सेम्पाला. आमच्या केळीच्या बागेला लागून ज्याची बाग, तोच. काखेत लाल कोंबडा, अंगात चर्चचा कोट, आणि वार मंगळवार! मंगळवारी कोट घातलेला माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण थांब, तुझी तब्येत विचारायची राहिलीच. आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून विचारते (खरंच टेकलेत, चटईवरच लिहायला बसलेय). पाय कसे आहेत? तुझे जुळे फोन करतात का? खोकल्यावर आलं घेतेस ना? मी बरी आहे. म्हणजे अंगाने. तोंड मात्र त्या शनिवारपासून कुणाला दाखवलेलं नाही.

आपली नान्तेझा विमानतळाच्या मनोऱ्यात बसते, हे तुला ठाऊक आहे. (सांगितलंय मी. पुन्हा सांगते, मला बरं वाटतं.) विमान निघायच्या आधी वैमानिक आमच्या पोरीला विचारतो, कुठल्या वाटेने जाऊ? ही वाटेचं नाव सांगते, आणि तो खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा बाप्या शाळेतल्या पोरासारखा ते जसंच्या तसं म्हणून दाखवतो. चुकला तर ती पुन्हा म्हणायला लावते! येणाऱ्यांनाही तसंच, त्यांच्या उतरायच्या वाटा निराळ्या. अक्का, हे मी विहिरीवर सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, दातांच्या डॉक्टरचा हात तोंडात असताना त्यालाही सांगितलं. सांगता सांगता "माझी नात वाट सांगते" याचं "माझी नात म्हणेल तिकडे विमानं जातात" कधी झालं, मलाच समजलं नाही.

तर सेम्पालाच्या लेकीला मागणी घालायला शनिवारी मंडळी येणार होती. अशा दिवशी जेवणाला कोण विचारतो, सगळी गंमत दोन्ही घरांच्या वतीने बोलणाऱ्या बोलक्यांच्या जुगलबंदीत. आणि आमच्याकडे दुपारची विमानं अशी जातात की घरावरचे पत्रे थरथरतात. सेम्पाला म्हणाला, "एरिना मावशी, एक दिवस पलीकडे तळ्यावरून उतरवा की! तुमच्या नातीचा एक शब्द पुरे." मी म्हणाले, "शब्द कशाला, नुसती मान हलवेल." आणि कोंबडा ठेवून घेतला.

नान्तेझा गुरुवारी जेवायला आली, तंगडी हातात घेतली, तेव्हा मी सांगितलं. तिने तंगडी खाली ठेवली. "आजी, वाटा मी पाडत नाही गं. त्या कधीच्या कागदावर आखलेल्या आहेत. कोण कुठे चाललंय ते बघून त्या बाजूची वाट द्यायची. पण त्याआधी वारा बघायचा. विमान वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. तळ्याकडून वारा सुटला की येणारी सगळी तुझ्या डोक्यावरून." मला लख्ख समजलं, अक्का. आपल्या विहिरीसारखंच. रिकाम्या घागरी खालच्या वाटेने, भरलेल्या वरच्या वाटेने, म्हणजे घागरीवर घागर आपटत नाही. मध्ये उभी राहून "तू इकडून, तू तिकडून" म्हणणारी बाई काही डोंगर हलवत नाही. "मग सेम्पालाला सांगून ये," पोर म्हणाली. "सांगते," मी म्हणाले. पण त्याचाच कोंबडा पोटात घेऊन ते सांगायला जायचं कसं?

शनिवारी सकाळी वारा जमिनीकडून. एक विमान डोक्यावर नाही! येणारी तळ्यावरून उतरत होती, निघालेली आमच्यापर्यंत न येता अलीकडच्या दलदलीवरूनच वळत होती. लोक वर बघायचे, मग माझ्याकडे. सेम्पालाने मला मांडवात पहिल्या खुर्चीत बसवलं. तेव्हा तरी "वारा आहे, बाबा" म्हणावं की नाही? मी काय केलं, लिहायला लाज वाटते. बिशपसारखा हात उंच करून रिकाम्या आभाळाला दाखवला. टाळ्या पडल्या, अक्का. गोड लागल्या.

दुपार कलली आणि केळीची पानं उलटी झाली. मीच पहिली बघितली. वारा तळ्याकडून सुटला होता. मुलीकडचा बोलका काकेम्बो (जीभ म्हणजे वस्तरा) नवऱ्याकडच्यांना ऐन टोमणा मारत होता, तेवढ्यात पहिलं आलं, चाकं खाली सोडून. मग दुसरं. मग तिसरं. कुणाचं कुणाला ऐकू येईना. आत बसलेली मुलगी आपल्याला बोलावलं समजून दोनदा उगाच बाहेर आली. काकेम्बोने रीतीप्रमाणे नवऱ्याकडच्यांना दंड ठोठावला, "आवाज केलात! दोन क्रेट सोडा काढा!" नवऱ्याकडचा म्हातारा कसला ऐकतोय! "आम्ही का काढू? विमानांची मालकीण तुमच्याच मांडवात बसलीय. मघाशी हात करून बोलावलं की तिने!"

सगळा मांडव हसला. सेम्पाला हसला नाही. आणि सुट्टी काढून आलेली नान्तेझा मागून उठली, नव्या कपड्यांनिशी गवतात सेम्पालापुढे गुडघे टेकले आणि म्हणाली, "आजीने सांगितलं होतं. मनोऱ्यात सांगून यायला मीच विसरले." सोड्याचे क्रेटही तिनेच आणवले. दातांच्या डॉक्टरपुढेही न थांबणारं माझं तोंड तेव्हा मिटलेलंच राहिलं.

आता गाव तिला विसराळू म्हणतंय. मनोऱ्यात बसणारी मुलगी, आणि विसराळू! रस्त्यात पोरं तिला विचारतात, "ताई, आज विमानं आठवली का?" आणि दुसरं त्याहून वाईट. ती विसरली म्हणून विमानं आली, तर आठवणीने नक्की वळतील, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. काल पलीकडच्या टेकडीवरची चर्चची मंडळी बोकड घेऊन आली. त्यांच्याकडे खरा बिशप येतोय, प्रार्थना उघड्यावर आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा घ्या."

नान्तेझा रागावलेली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, खरं तू सांगितलंस की मी जेवायला येईन." गेल्या गुरुवारी तिचं ताट मांडलं होतं. तसंच उचललं.

तुझी धाकटी,
एरिना

ता. क. खरं काम हे. तू शुक्रवारीच ये. तू नालोंगो, जुळ्यांची आई, तुझ्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. मी सगळ्यांपुढे सांगणार आहे. तू फक्त शेजारी बस, आणि मी "चहा घ्या" म्हणायला लागले की चिमटा काढ.

ता. क. आत्ताच एक पत्र्यांवरून गेलं. त्यालाही आपल्याच पोरीने वाट दिली असेल! (हात नाही केला. अर्धाच केला.)

ता. क. बोकड परत द्यायचाय. खाल्लेला नाही. अजून. मंडळी शनिवारी येतो म्हणालीत.