सतरा नंबरच्या कुत्रीची ओळख पटवण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
पशुसंवर्धन कार्यालय.

विषय: जप्त कुत्र्यांच्या निवाऱ्यात सतरा नंबरची कुत्री बदलल्याच्या संशयाबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळालेली नाही).

महोदय,

पिल्लांचा धंदा करणाऱ्याच्या शेडमधून सोडवलेली चौसष्ट कुत्री खटला संपेपर्यंत आपल्या निवाऱ्यात आहेत. मी जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षे ड्रेसर होते. निवृत्त झाले, तरी रोज सकाळी निवाऱ्यात जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते.

सतरा नंबरची कुत्री म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. डावा कान अर्धा तुटलेला. जन्मभर पिंजऱ्याच्या जाळीवर उभी राहून पंजे चिरलेले. गेल्या महिन्यात तापामुळे मला आठ दिवस जाता आले नाही. परत गेले तर सतराचा बिल्ला गळ्यात घालून एक तरणीताठी कुत्री माझ्याकडे टकामका बघत होती. कान दोन्ही शाबूत. सुपरवायझर म्हणाले, "आजी, औषधाचा गुण आला." तुटलेला कान पुन्हा उगवणारे औषध खात्याकडे असल्यास त्याचे नाव कळवावे, मी गुडघ्यांना लावून पाहीन. मग ते म्हणाले, "चष्मा बदला." म्हणून नेत्रतज्ज्ञांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझा संशय असा, की तिथे हजेरी बिल्ले मोजून होते, कुत्री मोजून नाही. बिल्ला नुसता दोरीला असतो. मेलेलीचा बिल्ला रस्त्यावरच्या एखादीच्या गळ्यात घातला, की चौसष्टला चौसष्ट भरतात. पंचवीस आणि चाळीस नंबरवरही माझी नजर आहे.

आमच्या वेळी सर्कशीतले घोडे सोडवून आणले होते. मोठे डॉक्टर प्रत्येकाचे दात, खूर, डाग वहीत उतरवल्याशिवाय एकालाही तबेल्यात बांधू देईनात. आम्ही कुरकुरलो होतो. त्यांची ती वही आज फार आठवते.

तरी सर्व कुत्री जप्तीच्या दिवशीच्या तपासणीच्या नोंदींशी ताडून पाहावीत. सतरा नंबर जिवंत असेल तर तिची मलमपट्टी मलाच करू द्यावी. मेली असेल तर तसे लिहावे. दुसरीच्या गळ्यात तिला जिवंत ठेवू नये.

तिची आणखी एक खूण मला ठाऊक आहे. ती इथे लिहीत नाही. निवाऱ्याबाबतचा प्रत्येक अर्ज सुपरवायझरांच्या हातूनच आपल्याकडे येतो, आणि वाचून कुणी तशीच दुसरी शोधून आणायला नको. समक्ष सांगेन.

उत्तराची नव्हे, भेटीच्या वेळेची वाट पाहणारी,
अर्जदार
(निवृत्त ड्रेसर)
दि. ९ मार्च