कोकोच्या डब्यातल्या मटाराची व्यवस्था

मी, हिल्डा मॉड ओल्ड्रॉइड, कै. विल्फ्रेड ओल्ड्रॉइड यांची विधवा, राहणार मिल लेन, हॅडरशॉ, यॉर्कशायर, लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. कंबर जागेवर नाही, पण मृत्युपत्राला कंबर लागत नाही असे वकील पिकर्सगिल साहेब म्हणतात. साहेब या क्षणी माझ्या मळ्यावरच्या खोपटात पालथ्या बादलीवर बसले आहेत. घरी बसून लिहू म्हणत होते. घरी लिहिले असते तर मला भांडणे आठवली नसती. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. कोणी आणून बघावेच. याआधी जे काही लिहून ठेवले असेल ते रद्द समजावे.

कलम १. मिल लेनवरचे घर माझा भाचा डेस्मंड याला द्यावे. पोरगा गुणी आहे. दर रविवारी येतो, माझा केक खातो आणि छान झालाय म्हणतो, म्हणजे प्रेमापोटी खोटेही बोलतो. घर त्याचे, पण मातीतून जे काही उगवते त्याला त्याने बोट लावू नये. कारण खाली येईल.

कलम २. पोस्टातल्या बचतीतून माझ्या अंत्यविधीनंतर सर्वांना चहा आणि हॅम द्यावे. हॅम जाड कापावे. विल्फच्या वेळी ते इतके पातळ कापले होते की खालच्या ताटलीची नक्षी दिसत होती. गाव अजून बोलते.

कलम ३. विल्फचे फावडे, दाताळे आणि झारी चॅपलच्या बागेला. मळा मला कोणाला देता येत नाही, तो नगरपालिकेचा आहे, आम्ही नुसते भाडे भरतो. उंदरांना काहीही नाही. त्यांनी हयातीतच भरपूर घेतले आहे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. याच खोपटात, वरच्या फळीवर, कोकोचा डबा आहे. त्यात माझ्या वडिलांच्या उंच मटाराचे बी आहे. त्याचा वेल माणसाच्या डोक्यावरून जातो, शेंगा काढायला शिडी लागते. दुकानात तो मिळत नाही, कारण वडिलांनी दुकानदाराला कधी दिलाच नाही. दर वर्षी पेरायचा, खायचा, आणि उत्तमातल्या उत्तम शेंगा वेलावर वाळवून पुढच्या वर्षासाठी बी धरायचे. गेली दोन वर्षे बी धरता आलेले नाही. डब्यात आहे तेवढेच आता जगात आहे, आणि मटाराचे बी म्हातारे झाले की उगवत नाही. हा वसंत चुकला तर वडिलांचा मटार संपला. घराचे काय, घरे पुष्कळ आहेत.

दाणा सुरकुतलेला आहे. गोल दाण्याचा मटार थंडी सोसतो. सुरकुतलेला चवीला गोड आणि स्वभावाने नाजूक. गार, ओल्या मातीत घातला की आठवड्यात कुजतो. म्हणून वडिलांचा नियम असा: ज्या जमिनीवर आपल्याला उघड्या ढुंगणाने बसवत नाही, तिच्यात मटार घालू नये. पहाटे जाऊन बसावे आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणावे. ‘रोजची भाकर’ येण्याआधी उठावेसे वाटले तर आठवडाभर थांबावे. ‘आमेन’पर्यंत बसवले तर त्याच दिवशी पेरावे. दाणे दोन बोटे खोल, त्यांवर हॉलीच्या झुडपाची काटेरी पाने चुरून, मग माती. नाकाला काटा टोचला की उंदीर दुसऱ्याच्या मळ्यात जातो.

(इथे साहेबांनी ‘पार्श्वभाग’ असा शब्द सुचवला. मी म्हटले, “अहो साहेब, पार्श्वभागाला थंडी वाजत नाही. लिहा मी सांगते तसं.”)

लग्न झाल्यापासून मी हे दर वसंतात केले, तोंड चॅपलच्या विरुद्ध दिशेला करून. दोन वर्षांपूर्वी कंबर मोडली. खाली बसता येईना, म्हणून कोपर टेकवून अंदाज घेतला. कोपराला काय कळते, कपाळ? सगळी सरी कुजली. गेल्या वर्षी मी इस्पितळात होते, तर डेस्मंडने प्रेमाने दाणे भिजत घातले. एका रात्रीसाठी घालायचे, हा एका रविवारी घालून पुढच्या रविवारी बघायला आला! वास जिन्यावर येत होता. “मावशी, फुगलेत मात्र छान,” म्हणाला. मारावे की मुका घ्यावा, कळेना.

कलम ५. शेजारच्या मळ्याचा अँब्रोज सग्डन. याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे आणि साहेबांनी घड्याळाकडे बघू नये.

आमच्याकडे गुड फ्रायडेला बटाटे लावतात. त्या दिवशी सैतानाचे मातीवर काही चालत नाही म्हणे. बटाट्याचे ठीक आहे. पण अँब्रोज गावभर सांगत फिरतो की मटारही त्याच दिवशी पेरावा. गुड फ्रायडे कधी मार्चात येतो, कधी एप्रिल सरत आल्यावर. मटाराला कॅलेंडर वाचता येते का?

विल्फ गेल्यानंतरच्या वसंतात मी पहाटे बसले होते आणि हा कधी नव्हे तो लवकर उगवला. कुंपणावरून डोकावून म्हणतो, “काय गं हिल्डे, अंडी उबवतेस की काय?” एवढ्यावर थांबला असता तरी माफ केले असते. पण मेल्याने संध्याकाळी पबमध्ये जाऊन नक्कल करून दाखवली. तेव्हापासून मी रस्त्याने चालले की पोरेटोरे कोंबडीसारखी कलकलतात. भाजीच्या प्रदर्शनात माझ्या मटाराच्या ताटलीत कोणीतरी अंडे ठेवले होते. परीक्षक हसला आणि पहिले बक्षीस अँब्रोजला गेले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. कुंपणावरून जे बोलले त्याला बोलणे म्हणत नाहीत.

आता ऐका. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला बर्फ पडला, तरी अँब्रोजचा मटार सरळ रेषेत वर आला. मला शंका आली. त्यानंतरच्या वसंतात मी पहाटे घेवड्याच्या काठ्यांआड उभी राहिले. आणि काय सांगू! डोक्यावर टोपी, विजार बुटांपर्यंत खाली, आणि अँब्रोज सग्डन मातीत बसून प्रार्थना म्हणतो आहे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. गुड फ्रायडेला लोकांदेखत तो रिकाम्या सरीवर माती ओढून पेरल्याचे सोंग करतो. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. मृत्युपत्र चॅपलच्या हॉलमध्ये सर्वांसमोर वाचावे आणि हे कलम हळू आणि दोनदा वाचावे, यासाठी राखून ठेवले होते.

त्याच्यात दोष एकच. प्रार्थना फार भरभर म्हणतो. हा ‘आमेन’ला पोचतो तेव्हा माती अजून ‘भाकरी’वरच असते. म्हणून त्याच्या सरीत मधेमधे दात पडल्यासारखी खिंडारे असतात.

कलम ६. असे असूनही, कोकोचा डबा मी अँब्रोज सग्डन यालाच देते. दुसऱ्या कोणाला देऊ? डेस्मंड भिजवून मारेल, चॅपलवाले लाजून मारतील. उभ्या हॅडरशॉत मातीत खाली बसणारा आता तो एकटाच उरला आहे. पेरताना त्याने प्रार्थना सावकाश म्हणावी, ही अट. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि रडूही येते आहे, दोन्ही नोंदवावे. मी वसंत बघेन का, असे डॉक्टरांना विचारले तर ते खिडकीबाहेर बघून यंदा थंडी फार आहे म्हणाले.

सही करण्याआधीची नोंद. दुसरा साक्षीदार म्हणून साहेबांची कारकून येणार होती, तिला ताप आला. साहेब बाहेर जाऊन माणूस शोधून घेऊन आले. अशा थंडीत मळ्यावर दुसरे कोण असणार? अँब्रोज.

मी म्हटले, “याची सही चालायची नाही. याला यात काहीतरी ठेवलंय.”

साहेब म्हणाले, “अरे देवा. खरंच की. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सग्डन. सही केलीत तर तुम्हाला ठेवलेलं रद्द होईल.”

“मला? हिनं? विष ठेवलं असेल,” असे म्हणत त्याने कागद ओढून घेतला. कलम ५ वाचताना टोपीपर्यंत लाल झाला. “तू बघत होतीस?”

“बघण्यासारखं काही नव्हतं,” मी म्हटले.

“आणि हे हॉलमध्ये वाचणार? दोनदा?”

“हळू.”

मग त्याने कलम ६ वाचले. बराच वेळ वाचत होता, तिथे तर चारच ओळी आहेत. मग नाक पुसले आणि साहेबांकडे पेन मागितले. साहेबांनी पुन्हा बजावले, “सही केलीत तर डबा मिळणार नाही हं.” तो म्हणाला, “ऐकलं मी. बहिरा नाही.”

माझ्या हाताने, शुद्धीवर:
हिल्डा मॉड ओल्ड्रॉइड

आम्हां दोघांसमोर हिल्डाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार १: एडमंड पिकर्सगिल, वकील. (पँट धुण्याचा खर्च मागणार नाही.)

साक्षीदार २: अँब्रोज सग्डन, शेजारचा मळा. डबा मला नको. तो जिचा आहे तिनेच यंदा पेरावा. खाली मी बसेन. प्रार्थना मी भरभर म्हणतो असे वर लिहिलेच आहे, तेव्हा ती म्हणायला हिल्डाने वसंतात स्वतः हजर राहावे. ती येईपर्यंत मी उठणार नाही.

ठिकाण: मळ्यावरचे खोपट, हॅडरशॉ
दिनांक: २७ फेब्रुवारी १९७१. जमीन अजून गार आहे.